लाखेचे मणी आणि सुगरणीचं रिंगण

एका जंगलात जांभळीच्या झाडावर एक सुगरण राहत होती. घरटं विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण मुलांनो, तिचा खरा जीव अडकला होता सोंगांच्या खेळात. हा खेळ तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाने रचला होता. त्यात ससा राक्षस व्हायचा, रानडुक्कर राजकन्या व्हायचं आणि कवड्या टाकून लढाया चालायच्या. प्रत्येकाच्या सोंगाची एक माळ असे. तिच्यात जितक्या गुंजा तितकं बळ, जितके चिंचोके तितकी अक्कल आणि जितके रिठे तितका अंगात उरलेला जीव. माळ पाहिली की सोंग कळलं! कासवाने ही रीत सगळ्यांना शिकवली होती आणि अट एकच घातली होती, की घ्या, वाढवा, पण घेतलेलं कोंडून ठेवू नका.

हा खेळ खेळायचं सुगरणीचं रिंगण जांभळीखाली होतं, तर समोरच्या गुहेत कोल्ह्याने दुसरं मांडलं. कोल्हाच तो, सरळ कसा वागेल? त्याने कासवाचीच रीत उचलली, पण माळेतल्या प्रत्येक मण्यावर लाखेचा जाड लेप चढवला. मणी असे झकास चमकायचे की सारं जंगल भाळलं. आत गुंज आहे की रिठा, हे मात्र एकटा कोल्हाच मणी ओवण्याच्या क्रमावरून सांगायचा, आणि तो क्रम त्याने कोणाला सांगितला असेल तर शपथ. एकदा गुहेत खेळणारी खार आपल्या शूर सेनापतीची माळ घेऊन सुगरणीकडे खेळायला आली, तर ती कोणालाच वाचता येईना. बिचारी आल्या वाटेने परत गेली. जो गुहेत गेला तो असा तिथलाच होऊन बसायचा. जांभळीखाली चारदोन जणच उरले. त्यातच जंगलाचा कारभार पाहणाऱ्या हत्तीने फर्मान काढलं. दोन रिंगणांची भांडणं ऐकून त्याचे कान किटले होते, आणि हत्तीचे कान किटायचे म्हणजे बघा! यंदाच्या जत्रेत जे रिंगण खेळ नीट खेळवील तेच राहील, दुसरं उठेल, असं त्याने बजावलं.

आता सुगरणीचं रिंगण उठणार असंच दिसत होतं. तिचा मित्र कावळा म्हणाला की आपणही लाख लावू, जशास तसं. खोटं कशाला सांगू, क्षणभर तिलाही मोह झाला. पण मग तिने मान हलवली. "कासवाने मोकळ्या मनाने दिलं, ते मी कोंडून ठेवू? त्यापेक्षा रिंगण गेलेलं परवडलं."

दुसऱ्या दिवसापासून ती खालच्या फांदीवर बसली आणि येईल त्याला माळ कशी ओवायची, नवं सोंग कसं रचायचं, रिंगण कसं चालवायचं, सगळं शिकवू लागली. कोल्ह्याची मित्रमंडळी आली, त्यांनाही शिकवलं. कावळ्याने कपाळावर पंख मारून घेतला. म्हणाला, "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहेस."

झालं मात्र भलतंच. बेडकाने तळ्याकाठी रिंगण मांडलं, साळिंदराने वारुळापाशी मांडलं. साळिंदराने एक काटेरी भूत रचलं ते बेडकाने घेतलं, बेडकाचा जलराक्षस सुगरणीकडे आला. सकाळी जांभळीखाली जखमी झालेला सशाचा राक्षस दुपारी तळ्याकाठी तसाच लंगडत खेळायला जाऊ लागला, कारण माळ कुठेही नेली तरी वाचता येत होती. हे ऐकून कोल्ह्याला धास्ती पडली. आपली रीतही कोणी शिकलं तर? म्हणून तो मणी ओवायचा क्रम सारखा बदलू लागला. मोठाच शहाणा!

जत्रा भरली. हत्तीने आधी कोल्ह्याला बोलावलं आणि खारीच्या सेनापतीचं बळ विचारलं. कोल्ह्याने माळ उलटी धरली, सुलटी धरली. ही जुन्या क्रमाची की नव्या? त्याने अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं, तर खार म्हणाली की कालच तुम्ही वेगळं सांगितलंत. दुसरी माळ आली, तिसरी आली, तोच घोळ. लाख फोडावी तर गुपित फुटेल, म्हणून दात लावायची त्याची छाती होईना. खारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोल्होबा, माझा सेनापती जिवंत आहे की मेला, तेवढं तरी सांगा."

"मलाच आठवत नाही," कोल्हा खाली मान घालून पुटपुटला.

मग हत्तीने सुगरणीच्या माळा बेडकाकडे दिल्या आणि बेडकाच्या साळिंदराकडे. दोघांनी त्या घडाघडा वाचल्या. पण सुगरणीचं लक्ष रडणाऱ्या खारीकडे होतं. माळ तुझी आहे, तू म्हणशील तर लाख फोडते, असं ती म्हणाली. माळ आपल्या गुहेतली आहे म्हणून कोल्हा ओरडला. खार ताडकन म्हणाली, "गुहा तुमची असेल, सेनापती माझा आहे!"

सुगरणीने चोच मारली. टक टक टक, लाखेचे तुकडे उडू लागले. आतून लालचुटूक गुंजा निघाल्या, चिंचोके निघाले आणि सगळ्यात शेवटी एक रिठा निघाला. "जिवंत आहे गं तुझा सेनापती!" सुगरण म्हणाली, आणि खारीने अशी काही उडी मारली की ती थेट हत्तीच्या सोंडेवर जाऊन बसली.

मग काय विचारता! सारं जंगल आपापल्या माळा घेऊन रांगेत उभं राहिलं. सुतारपक्षी मदतीला धावला आणि दिवसभर लाख फुटत राहिली. रिंगण तुझंच, असं हत्तीने सांगितलं, तेव्हा सुगरणीने त्यात सगळ्यांसाठी जागा मागून घेतली, अगदी कोल्ह्यासाठीही. त्या संध्याकाळी जांभळीपासून तळ्यापर्यंत एकच मोठा खेळ रंगला. कोल्हाही हळूच येऊन साध्या बिया ओवत बसला, आणि सेनापतीच्या फौजेने राक्षसांचा धुव्वा उडवला.

तात्पर्य : मोकळ्या हाताने मिळालेलं मोकळ्या हातानेच पुढे द्यावं, दुसऱ्याला कळू नये म्हणून जो कोंडून ठेवतो, त्याचं त्यालाच एक दिवस कळेनासं होतं.