आबांचे गोऱ्हे आणि बकुळेचा मोर

जुनी, फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण ती त्यांच्यासाठीच अधिक आहे.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ होतं आणि देवळाच्या ओट्यावर दरवर्षी मुली गोंदून घ्यायच्या. लग्नाच्या वयाची झालेली प्रत्येक मुलगी हातावर तुळस, मोर नाहीतर चांदणी काढून घेई. माणूस गेलं की दागिने मागे राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं गाव मानायचं.

गोंदायला परगावाहून एक मावशी येई. देवळात देवीच्या नावाची एकच सुई होती. एकीचा हात झाला की पदराला पुसून तीच सुई दुसरीच्या हातावर. काजळी कालवलेली वाटीही एकच. सुई धुवायची नाही, तापवायची नाही. देवीच्या सुईला कसला आलाय विटाळ?

मग हात सुजला की म्हातारी माणसं हात जोडत. "आई पावली!" जितकी सूज मोठी, तितकी कृपा मोठी. सूज उतरेपर्यंत हाताला पाणी लावायचं नाही, असा दंडकच होता.

त्याच गावातल्या बकुळा नावाच्या मुलीच्या थोरल्या बहिणीवर ही कृपा फारच झाली. हात खांद्यापर्यंत सुजला, अंग तापानं फणफणलं आणि ती गेली. "देवीला आवडली पोर," असं म्हणून आबांनी, म्हणजे गावच्या पाटलांनी, डोळे पुसले. बकुळेनं पुसले नाहीत. तिला रडण्याआधी राग आला होता आणि तो अजून उतरला नव्हता.

यंदा बकुळेची पाळी होती. गोंदून घ्यायला तिची ना नव्हती. बहिणीच्या हातावर मोर होता. तसाच मोर तिलाही हवा होता. पण तिला जगायचंही होतं.

गोंदणाच्या आदल्या दिवशी आबांच्या गोठ्यापुढे गोऱ्ह्यांना वेसण घालायचं काम चाललं होतं. आबांनी हळद मागवली, म्हणून बकुळा ती घेऊन गेली. एका गोऱ्ह्याचं नाक टोचून झालं होतं. गडी तीच टोचणी घेऊन दुसऱ्याकडे वळला, तसे आबा ओरडले, "अरे शहाण्या, आधी विस्तवात घाल ती! याचं त्याला लागलं तर दोघांचीही नाकं पिकतील!"

बकुळा जागच्या जागी थिजली. मग हळद ठेवून घरी आली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मुलींची रांग बसली. बकुळेची पाळी आली.

"हात पुढं कर गं," मावशी म्हणाली.

"सुई उकळा, मग करते."

ओट्यावर कुजबुज झाली. "कालची पोर आणि हिचा तोरा बघा," एक आजी म्हणाल्या. "सासरी कशी नांदणार ही?"

"नांदायला आधी जगावं लागतं, आजी."

आबा उठून पुढे आले. "देवीची सुई चुलीवर ठेवायची? तुझ्या बापजाद्यांनी कधी ठेवली नाही."

"आबा, काल गोऱ्ह्यांची टोचणी का तापवलीत?"

"तापवायला नको? नाक पिकलं असतं. चांगला बैल हातचा गेला असता."

"आणि माझ्या बहिणीचा हात पिकला तेव्हा?"

आबांनी गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बैलाचं आपण बघायचं, पोरींचं देवी बघते."

"म्हणजे बैल तुमच्या भरवशावर आणि पोरी देवीच्या! मग आबा, मला आजच्यापुरता गोऱ्हाच समजा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच पदर तोंडात घातला. मावशीनं मात्र निमूटपणे तीन दगडांची चूल मांडली. आपल्या पिशवीतली नवी सुई काढून तिनं पाण्यात खळखळून उकळली, हात धुतले, बकुळेचा हात धुतला आणि वेगळ्या करवंटीत ताजी काजळी कालवली.

"हिच्यापुरतंच हं," आबा म्हणाले. "बाकीच्यांचं रीतीनं होऊ दे."

पुढची पाळी पवळेची, आबांच्या नातीची. तिनं एकदा बकुळेकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि हात जुन्या सुईपुढे केला.

बकुळा रोज हात उकळून गार केलेल्या पाण्यानं धुई. खाज आली तरी खपली काढत नसे. मोर छान उमटला. हात सुजलाच नाही. "देवी रुसली हिच्यावर," असं म्हणत बायका तिला पाहून तोंड फिरवू लागल्या.

पवळेचा हात मात्र सुजला. आबांनी गावभर गूळ वाटला. मग तिला ताप चढला आणि मनगटावरून एक लाल रेघ दंडाकडे निघाली. तशीच रेघ बकुळेनं बहिणीच्या हातावर पाहिली होती. ती तडक आबांच्या दारात गेली.

"आबा, गूळ पुरे झाला. वैद्य आणा."

आबांनी हातातला गूळ खाली ठेवला. "आणि आई कोपली तर?"

"माझं नाव सांगा. नाहीतरी ती माझ्यावर रुसलेलीच आहे."

आबांनी स्वतः गाडी जुंपली आणि वैद्यांना घेऊन आले. वैद्यांनी हाताला चीर देऊन पू काढला, काढे दिले, लेप दिले. पवळा वाचली. पण हातावरची तुळस व्रणात विरून गेली आणि त्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. आबांच्या गोऱ्ह्यांची नाकं मात्र साफ होती.

पुढच्या वर्षी ओट्यावर चूल पेटली, तेव्हा फुंकणी घेऊन आबाच बसले होते. प्रत्येक मुलीची सुई वेगळी, प्रत्येकीची करवंटी वेगळी. रांगेतली एक पोर कुरकुरली, "आबा, ऊन झालं. आटपा ना."

"गप बस," आबा म्हणाले. "पाणी खळखळल्याशिवाय हात पुढं करायचा नाही."

बकुळा शेजारी बसून काजळी कालवत होती. तिला बोलायची गरज उरली नव्हती, आणि असं फार क्वचित घडे.

तात्पर्य : श्रद्धा मनात ठेवावी, सुई मात्र उकळत्या पाण्यातून काढूनच अंगाला लावावी.