पुंडलिकाच्या कयाकमधला पंप

"…आणि आत पाणी शिरलं की तो आपसूक सुरू होतो, बाय. मग आता मला शिटी का नको?"

पुंडलिकाने विचारलं तेव्हा द्वारकाबाय कालवं फोडत बसली होती. तिने पुढचं कालव उचललं.

त्या खाडीवर कयाक वल्हवायला शिकवणारी ती एकटी. ज्याच्या गळ्यात बाय संकटात फुंकायची शिटी घालेल त्यानेच पाहुण्यांना पाण्यात न्यायचं, असा तिचा कायदा. पुंडलिक कांदळगावकरच्या आधी ती शिटी त्याच्या धाकट्या बहिणीला मिळाली, आणि हे मुडदुशी माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकून बसलं होतं. उद्या सकाळी पाहुणे येणार होते. बहीण शिटी बायकडे परत देऊन सासरी गेलेली. उद्या नाही तर कधीच नाही, असं त्याने मनाशी घेतलं होतं.

"होडीत पाणी दिसलं की तू भांबावतोस," म्हणून बायने त्याला परत पाठवला होता. म्हणून हा पंप.

हात मात्र सोन्याचा हो त्याचा. बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात, तारांच्या जोडांना ग्रीस, पंपाची जाळी गोड्या पाण्याने धुतलेली. वाळूवर कयाक ठेवून त्याने आत बादलीभर पाणी ओतलं. घर्रर्र! नळीतून पाणी बाहेर. पुंडलिकाची छाती गजभर फुगली.

"वाळूवर कोण बुडतं रे?" बाय म्हणाली. "पाण्यात घाल. आणि आत बस."

तो बसला. बाय लुगड्याचा काचा मारून कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली.

थोड्याच वेळात पंप घर्रर्र वाजला. थांबला. जरा वेळाने पुन्हा घर्रर्र. पुन्हा थांबला.

"बघा, बाय! कसा राबतोय!"

"राबतोय खरा. पण मेल्या, लाट नाही, पाऊस नाही… पाणी येतंय कुठून?"

पुंडलिकाने बुडाशी हात फिरवला. सांधे चाचपले. कुठे चीर नाही, भेग नाही. आणि पायाशी पाणी चढतंच होतं. त्याचा चेहरा उतरायला लागला.

पंप एकदा वाजून थांबला तशी बाय कयाकच्या कुशीला आली. पाण्याखाली हात घातला. नळीचं भोक तिथे होतं. त्यावर तिने अंगठा दाबून धरला.

…

पंप वाजेना. पाणी चढेना.

…

"बाय… मी बसलो की भोक पाण्याखाली जातं." त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे जे पाणी तो बाहेर टाकतो, तेच त्याच नळीने परत आत येतं."

बाय खदखदून हसली. अंगठा काही काढला नाही.

"भोक वर घ्यायला हवं," तो म्हणाला.

"घे की."

"वर… वर नाव आहे."

होतं खरं. लाल रंगात, सावलीबिवली देऊन, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत: पुंडलिक कांदळगावकर. भोक पाडायला बोटभर जागा नव्हती. म्हणूनच तर त्याने ते खाली पाडलं होतं.

"अंगठा गारठायला लागला रे माझा," बाय म्हणाली.

पुंडलिकाने कयाक वाळूवर ओढली. ड्रिल आणलं. क्षणभर डोळे मिटले, आणि आडनावाच्या बरोब्बर मध्यात घातलं ते भोक. नळी वरून वळसा देऊन तिथे जोडली. खालचं भोक राळ भरून बुजवलं आणि वाळत ठेवलं.

सकाळी बायच्या देखत त्याने कयाक पाण्यात घातली. बसला. वल्हवत पार माडाच्या बेटाला वळसा घालून आला. पंप वाजलाच नाही. बिघडला की काय, म्हणून त्याने तांब्याने आत पाणी ओतलं. घर्रर्र… पाणी बाहेर. पुन्हा गप्प. वाट पाहिली. गप्पच.

काठावर पाहुणे येऊन उभे होते. पुंडलिक हिरमुसला.

"बाय, आता तर तो काहीच करत नाही. एवढा खपून बसवला. लोकांना कळायचं कसं, पंप आहे म्हणून?"

बाय पाण्यात उतरली. गळ्यातली शिटी काढून तिने त्याच्या गळ्यात घातली.

"घे. बघू, किती दिवस मुकी ठेवतोस."