रांगोळीत उमटलेली चाकोरी

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात एक वृद्ध कारागीर मोटारसायकली दुरुस्त करीत असे. इंजिनाला तो क्वचितच हात लावी. त्याची सारी विद्या शॉकअपची, म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये बसून धक्के सोसणाऱ्या त्या नळ्यांची आणि स्प्रिंगांची. पंचक्रोशीत सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्याकडे एक तरुण अभियंता शिष्य म्हणून येऊन राहिला होता. शॉकअपमुळे गाडीची चाल कशी बदलते, या विषयावर त्याला प्रबंध लिहायचा होता. आकड्यांनी आणि आलेखांनी त्याने तीन वह्या भरल्या होत्या. त्या वह्यांचा त्याला थोडा गर्वही झाला होता. त्याला हसू नये. मलाही माझ्या टिपणांचा होतो.

गावातल्या आरोग्य केंद्रात एक परिचारिका होती. घाट उतरून खाली खोऱ्यातल्या सात वस्त्यांवर जाणे हे तिचे काम. त्या रस्त्यावर स्कूटर टिकेना, म्हणून चाळिशीत ती मोटारसायकल शिकली होती. लसींचा डबा मागे बांधायचा, पदर खोचायचा आणि निघायचे. एके दिवशी ती गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "वळणावर मागून डोलतीय ही. जरा बघता का?"

वस्ताद त्या दिवशी परगावी गेले होते. शिष्याने आधी गाडी लख्ख धुतली. मग स्वतः तिच्यावर बसून मापे घेतली, वहीत गणित मांडले आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगा शेवटच्या खाचेपर्यंत आवळल्या. सीट हाताने दाबली तर तसूभर हलेना. तो खूश झाला.

"आता बघा ताई, दगडासारखी झालीय. डोलायचं नाव घेणार नाही."

आणि खरेच, गाडी डोलली नाही. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना, मोठ्या वळणाच्या अलीकडे तिने ब्रेक दाबला आणि गाडीने ऐकलेच नाही. चाक तडतडत सरकत गेले आणि गाडी आडवी झाली. कठड्यापर्यंत हातभर अंतर उरले होते. कोपर सोलवटले, डबा फुटला, बाई वाचली. मागून येणाऱ्या टेम्पोत गाडी घालून ती दुकानापाशी आली. तोवर वस्ताद परतले होते.

"वस्ताद, खालच्या वस्तीत एका बाईचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "उद्या मला जायलाच पाहिजे. पण खरं सांगू? त्या वळणावर जायची आता छाती होत नाही. उद्या जमलं तर जाईन, नाहीतर बदलीचा अर्ज देईन. दुसरी कुणी येईल."

दुसरी कुणी येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. ही येण्याआधी ती जागा सहा वर्षे रिकामी होती. शिष्य पुढे आला. "वस्ताद, चूक माझीच आहे," तो म्हणाला, "पण काय चुकलं तेच कळत नाही. गणित बरोबर होतं."

 वस्ताद उठले, बाजारात गेले आणि चार किलो पांढरी रांगोळी आणि पिठाची एक चाळण घेऊन आले. गाडीचा वाकलेला आरसा सरळ केला, फुटलेल्या डब्याच्या जागी तेवढ्याच वजनाच्या विटा बांधल्या आणि शिष्याला म्हणाले, "चल."

भर दुपारी, वारा पूर्ण पडलेला असताना, ते त्या वळणाच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर पोहोचले. वर्षानुवर्षे ट्रकवाल्यांनी तिथे ब्रेक मारून डांबराच्या लाटा करून ठेवल्या होत्या. वस्ताद वाकून त्या लाटांवर चाळणीने रांगोळी भुरभुरवू लागले. जाणाऱ्या एका जीपवाल्याने मान बाहेर काढून विचारले, "काय वस्ताद, कुणाचं लग्न?" शिष्य शरमेने इकडेतिकडे पाहत होता. धक्क्याने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

लाटा पांढऱ्या झाल्यावर वस्ताद गाडीवर बसले. "मी सिस्टरांच्याच वजनाचा आहे," एवढेच म्हणाले. सत्तरीचा तो काटकुळा माणूस रोजच्या वेगाने, दोन्ही चाकांच्या रेघा वेगळ्या पडाव्यात म्हणून किंचित बाक घेत, त्या पट्ट्यावरून गेला आणि पुढे जाऊन थांबला.

"आता चाकोरी बघ," तिथूनच ओरडले.

शिष्य उकिडवा बसला. पुढच्या चाकाच्या रेघेशेजारी मागच्या चाकाची काळी चाकोरी पांढऱ्यात उमटली होती, पण ती अखंड नव्हती. जवळपास प्रत्येक लाटेच्या माथ्याशी ती तुटत होती, मग वीतभर कोरी रांगोळी, मग पुन्हा ठसा. अकरा लाटांमध्ये नऊ ठिकाणी चाक जमिनीवर नव्हतेच.  त्या बाईने ब्रेक दाबला तेव्हा चाक हवेत होते. हवेला ब्रेक कसा लागणार?

वस्ताद त्याच्या शेजारी येऊन बसले. आता ते हळू आवाजात बोलले.

"खड्डा माणसाला कळू नये म्हणून शॉकअप असतो, असं लोकांना वाटतं. ते त्याचं दुसरं काम. पहिलं काम चाक जमिनीला लावून ठेवायचं. एवढी मोठी गाडी, पण जमिनीला शिवते किती? दोन तळहात, बस. वळणं, थांबणं, जीव वाचणं, सगळं त्या दोन तळहातांवर. चाकाला लाटेवर चढता आलं पाहिजे आणि लाट संपली की खाली उतरताही आलं पाहिजे. माणूस बसल्यावर गाडी थोडी दबते ना, ते दबणं म्हणजे उतरायला राखलेली जागा. तू ती जागाच ठेवली नाहीस."

"पण माझ्या मापात गाडी दबत होती, वस्ताद!"

"तू बसलास म्हणून दबली. तू नव्वद किलोचा. गाडी कुणाची?"

शिष्याने वळून गाडीकडे पाहिले.

"आणि ती डोलत होती ते स्प्रिंगमुळं नव्हे. आतलं तेल गळून गेलं होतं. स्प्रिंग एकदा दबली की उड्या मारत राहते, तेल तिला शांत करतं. गळालेल्या तेलाचा डाग नळीवर असणारच."

"होता," शिष्य खाली मान घालून म्हणाला. "गाडी धुताना मीच घासून काढला."

त्या दुपारी वस्तादांनी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. मग परिचारिकेला बोलावून तिच्याच गाडीवर बसवले. पायात रोजच्या चपला, पाठीमागे नवा डबा, खांद्याला पिशवी. खाच बदलायची, ती बसल्यावर गाडी किती बोटे दबते ते पाहायचे, पुन्हा उतरवायचे, पुन्हा बसवायचे. असे सात वेळा झाले. बाई वैतागली. "वस्ताद, मी काय ब्लाउज शिवायला आलेय का, मापं घ्यायला?" शिष्य पाना फिरवत होता आणि एका माणसाच्या भाराशी गाडी कशी हळूहळू जुळत जाते, ते प्रथमच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणाच्या अलीकडे पुन्हा रांगोळी पसरली. परिचारिका गाडी चालू ठेवून उभी होती. 

"नक्की ना, वस्ताद?"

"माझ्या शब्दावर जाऊ नका, सिस्टर. किंचित बाक घेत एवढा पट्टा ओलांडा आणि मागं वळून बघा."

ती निघाली. लाटांवर चाक खाली-वर होताना दिसत होते, पण बाई मात्र जागची हलत नव्हती. पट्टा संपल्यावर तिने पाय टेकून मागे पाहिले. शिष्य धावत आला आणि गुडघ्यांवर बसला. पहिल्या लाटेपासून अकराव्या लाटेपर्यंत मागच्या चाकाची एकच काळी रेघ होती. माथ्यावर चढलेली, खळग्यात उतरलेली, कुठेही न तुटलेली. त्याचे डोळे भरून आले. हे सारे त्याने आकड्यांत शंभरदा मांडले होते, पण लोखंडाची एक वस्तू जमिनीला असे धरून राहू शकते, याचे नवल त्याला आज वाटले.

"ताई," तो म्हणाला, "तुटली नाही कुठंच."

तिने एकदा त्या रेघेकडे पाहिले, एकदा वळणाकडे. "निघते," ती म्हणाली. "तिकडं वाट बघत असतील."

वळणाशी तिने ब्रेक दाबला. गाडी ऐकून वळली आणि दिसेनाशी झाली.

दुसऱ्या कुणाचे चाक घसरू नये म्हणून वस्ताद लगेच रांगोळी झाडू लागले. शिष्य कठड्यापाशी कान देऊन उभा राहिला. खालच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला, मग त्याच्या खालच्या, मग पार खोऱ्यात. आवाज विरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

पुढे त्याचा प्रबंध पूर्ण झाला की नाही, मला ठाऊक नाही. पण मालकाला आधी बसवून पाहिल्याशिवाय त्याने पुन्हा कुणाच्या गाडीला पाना लावला नाही. दुसऱ्याचे दुःख दुरुस्त करायला निघालेल्या आपण सर्वांनी एवढे तरी करावे.