नदीबाईच्या पाठवणीची कहाणी

ऐका नदीबाई, तुमची कहाणी. नगर होतं, आटपाट म्हणावं असंच होतं. त्याच्या पायाशी नदी वाहायची. नगरातल्या बाया नदीला लेक मानीत. पावसाळा भरात आला की लेक माहेरी यायची. कधी घाटाच्या पायरीपर्यंत, कधी थेट कुणाच्या उंबऱ्याच्या आत. भिंती भिजायच्या, धान्य भिजायचं, पण बाया तोंड वाईट करीत नसत. आली की ओटी भरीत, निघाली की हातावर दही घालून वाटेला लावीत.

त्या नगरात राजाचा एक फरास होता. राजाची जाजमं, सतरंज्या, गालिचे राखायचं त्याचं काम. नाव नरसू. त्याची बायको दुर्पदा. ती माळावरच्या गावची. तिकडे पाणी तांब्यानं मापून प्यायचं, नदी कुणी पाहिलेली नाही. लग्न करून आली, लेक झाली, लेकीचं नाव बयजा ठेवलं, तरी नदीचा आवाज आला की दुर्पदेचे हातपाय गार पडत. शेजारी ठकूबाई राहायची. तिचा एक कान आपल्या चुलीपाशी, दुसरा शेजारणीच्या. लोक हसत. हसोत बापडे.

एके वर्षी काय झालं? नरसू राजाच्या तंबूंबरोबर परमुलखात गेला. इकडे नदीबाई आली. उंबरा ओलांडला, ओसरी बुडाली, चूल बुडाली. ओटी कोण भरतो? दुर्पदा लेकीला उराशी धरून माळ्यावर जाऊन बसली. मग पाऊस थांबला. मग पाणी उतरलं. दुर्पदा भीतभीत खाली आली, दारापाशी गेली. उंबऱ्यावर पाणी घुटमळत होतं. त्या पाण्यातून बाईचा आवाज आला, “येते गं.”

दुर्पदेच्या अंगावर काटा आला. एवढं बुडवून आणखी येते म्हणते! ती ओरडली, “जा! जा! पुन्हा तोंड दाखवू नकोस!” दार धाडकन लावलं, अडसर घातला, फटींत चिंध्या कोंबल्या. मग जमीन बघते तो काय? सगळी ओली. उजेडात चकाकतेय.

तिनं काय केलं? नवऱ्याचं जाजम काढलं, ओल्यावर अंथरलं. हुश्श म्हणून बसली. सकाळी उठते तो जाजमावर ओली पावलं. बाईची पावलं, जोडव्यांची खूण असलेली. दारापासून निघालेली, चुलीपर्यंत आलेली.

मग तिनं सतरंजी काढली, जाजमावर अंथरली. सकाळी उठते तो सतरंजीवर ओली पावलं. चुलीपासून निघालेली, खांबापर्यंत आलेली.

मग तिनं राजाचा गालिचा काढला. जाड, लाल, माणूस रुतेल असा. तो सतरंजीवर अंथरला. सकाळी उठते तो पाऊल नाही, डाग नाही. दुर्पदेनं देवाला हात जोडले. वळून पाहते तो बयजाचा पाळणा खालून टिपटिप गळतोय.

तेव्हापासून घराला वास येऊ लागला. भिंतीची ओल गुडघ्याएवढी होती ती कमरेला आली, कमरेची गळ्याला आली. गालिच्याच्या कडेला पांढऱ्या छत्र्या उगवल्या. आणि बयजा खोकू लागली.

ठकूबाई खिडकीशी आली. “दुर्पदे, वास कसला गं?”

“काही नाही मावशी, भाजी कुजली.”

ठकूबाई गेली. पुन्हा आली. “दुर्पदे, वास कसला गं?”

“काही नाही मावशी, धुणं वाळलं नाही.”

“ऊन कडकडीत पडलंय बाई, सगळ्या आळीची गोधडी वाळली. तुझंच धुणं कसं वाळेना?”

दुर्पदेनं खिडकी लावली.

ठकूबाई तिसऱ्यांदा आली. वासाचं विचारलं नाही. खिडकीला कान लावून उभी राहिली. आत पोरीचा श्वास वाजत होता, भरत्या घागरीसारखा, बुडबुड बुडबुड. ठकूबाईनं खिडकीवर थापा मारल्या. “दुर्पदे, तुझं काय ते तुझ्यापाशी. पण पोर आतून भरतेय गं! दार उघड.”

“नाही उघडत. ती बाहेर बसलीय.”

“कोण?”

“नदी. मला म्हणाली, येते.”

“केव्हा म्हणाली?”

“उंबऱ्यावरून उतरताना.”

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. “अगं माझे बाई! सासरी येताना तू आईला काय म्हणून निघालीस? जाते म्हणालीस?”

“असं कसं म्हणेन? येते म्हणाले.”

“मग नदी काय जाते म्हणेल? तिला काही रीतभात नाही? निघाली होती ती, तुझा निरोप घेत होती. तू तिला जा म्हणालीस आणि दार लावलंस. तिचा पदर सापडला दारात! अर्धी बाहेर, अर्धी तुझ्या घरात. ती बाहेर कुठली बसतेय? तू तिच्यावर गालिचे घालून बसली आहेस!”

दुर्पदेनं खाली पाहिलं. पायाखालचा गालिचा हळूच वर उचलला गेला, झोपलेल्या माणसाची छाती उचलते तसा. मग खाली बसला. मग पुन्हा वर. पाळण्यातली लेक त्याच तालावर श्वास घेत होती.

दुर्पदेनं अडसर काढला. ठकूबाई आत आली. दोघींनी गालिच्याची कड धरली, ओढली. गालिचा हलेना. पाणी पिऊन पिऊन प्रेतासारखा जड झालेला. ठकूबाई म्हणाली, “विळी आण. काप.”

“मावशी, राजाचा आहे!”

“राजाला लेकरू नाही का? काप.”

कापला. पट्ट्या पट्ट्या करून बाहेर फेकला. सतरंजी काढली, हातात तुटून आली. जाजम काढलं, चिखल होऊन आलं. खाली पाणी होतं. काळं, गार, मुकं. बाई गुडघ्यांत डोकं घालून बसावी तसं कोपऱ्यात गोळा झालेलं.

“आता पाठवणी कर,” ठकूबाई म्हणाली.

दुर्पदेनं हळदकुंकू वाहिलं. दही घातलं. खण-नारळानं ओटी भरली. पाणी हललं, दारापर्यंत गेलं, उंबऱ्याशी थांबलं. म्हणालं, “येते गं.”

“बोल,” ठकूबाई म्हणाली, “ये म्हण. त्याशिवाय सुटका नाही तिची.”

दुर्पदा मागं सरली. जिला भ्यायचं तिलाच ये म्हणायचं? आणि आली खरंच म्हणजे? तेवढ्यात पाळण्यातली बुडबुड थांबली. खोकला थांबला. घर गप्प झालं. मग दुर्पदा किंचाळली, “ये! ये गं बाई, पुढल्या वर्षी ये! माहेर आहे तुझं!”

गार पाणी तिच्या पावलांवरून गेलं, उंबरा उतरलं, अंगणात जिरलं. पाळण्यात बयजानं ओंजळभर पाणी ओकलं आणि टाहो फोडला. असा टाहो की आळीतल्या बाया धावत आल्या.

मग सगळ्या बायांनी घर उघडं केलं. दारं उघडी, खिडक्या उघड्या, जमीन उघडी. कडुनिंबाची धुरी दिली, भिंती खरवडल्या, चुना फासला. जमीन हाताला कोरडी लागेपर्यंत कुणी चटईसुद्धा घातली नाही. नरसू परतला. गालिच्याच्या पट्ट्या पाहिल्या, लेक पाहिली. लेकीला उचललं आणि राजाकडे अपराध सांगायला निघाला. राजानं लेकीच्या अंगाला येणारा चुन्याचा वास घेतला, हसला, म्हणाला, “गालिचे पुन्हा विणता येतात रे.”

पुढल्या वर्षी ढग आले. दुर्पदेला ऊब वाटली का? नाही बायांनो. भीती होती तशीच होती. तरी तिनं घरातलं सगळं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं, लेकीला ठकूबाईच्या कडेवर दिलं, ओटीचं ताट घेतलं, आणि दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिली.

हा वसा कुणी घ्यावा? ज्या घरी पाणी शिरलं त्या घरच्या बाईनं घ्यावा. काय करावं? ओल झाकू नये, भिजलेलं अंथरूण घरात ठेवू नये, वर कोरडं दिसलं तरी खाली हात घालून पाहावं, आणि शेजारणीनं विचारलं तर खरं सांगावं. जशी दुर्पदेची लेक तिला परत मिळाली, तशी तुमची-आमची लेकरं मोकळा श्वास घेवोत. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत उतरली, ऐकणारीच्या उंबऱ्यात सुफळ होवो.