अंगाच्या रंगाची बाटली

“चूक पुस्तकात नाही, आबा. मग काय पोरीत आहे?”

बोलून गेली आणि रेवतीनं जीभ चावली. पोर अंगणातच होती. दार सताड उघडं होतं.

नागोजीआबांनी मान वर केली नाही. पाटावर बसून ते ओल्या कुंचल्याचे केस बोटांनी सरळ करत होते. गारगोटीच्या त्या बुटक्या घरात बसून या माणसानं उभा जन्म लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढली. रेवती त्यांच्याच हाताखाली शिकली. पुढं पुण्याला गेली, नाव झालं, बक्षिसं मिळाली, आणि आबांशी बोलणं दिवाळीच्या फोनापुरतं उरलं. आज मात्र ती पोरीला घेऊन सकाळच्या एसटीनं आली होती.

“आबा, ऐकताय ना?”

“पुस्तक दे.”

छपाईला जायच्या आधीची, हातानं शिवलेली प्रत तिनं पुढं केली. आबा पानं उलटायला लागले. त्यांची पान उलटायची चाल अशी, की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा.

गोष्ट बकुळा नावाच्या मुलीची होती. बकुळाच्या अंगावर पांढरे डाग असतात, म्हणून वर्गातलं कुणी तिला खेळायला घेत नाही. एकदा वर्गाची सहल रानात जाते, अंधार पडतो, वाट चुकते. तेवढ्यात बकुळाचे डाग चमकायला लागतात. त्या उजेडात सगळा वर्ग सुखरूप घरी पोचतो, आणि शेवटच्या पानावर मुलं बकुळाला खांद्यावर घेऊन नाचतात. त्या पानाखाली एका ओळीची जागा कोरी होती. तिथं काय लिहावं ते रेवतीला अजून सुचलं नव्हतं.

“प्रकाशक खूश आहेत,” ती म्हणाली. “शाळेतल्या बाईंना दाखवलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसानं आहे तसं स्वतःला आवडून घ्यावं, हेच सांगायचंय मला. याहून सोपं करून कसं सांगणार?”

“आणि पालवी?”

…

रेवतीचा मघाचा तोरा कुठल्या कुठं गेला.

पालवी तिची मुलगी. तिच्या कोपरावर पहिला डाग उठला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोड आहे, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. ते काम शाळेनं केलं. तेव्हापासून पोर भर मे महिन्यात लांब बाह्यांचे कपडे घालायची. घामानं भिजायची, पण बाही वर करायची नाही. रेवतीनं चुचकारून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर स्वतः रडून पाहिलं. मग तिनं हे पुस्तक करायला घेतलं. जगासाठी नंतर, आधी पालवीसाठी.

“वाचलं तिनं,” रेवती म्हणाली. “एकदाच. मग न्हाणीघरात गेली, दिवा बंद केला, दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. किती तरी वेळ आत काही आवाज नाही. मग बाहेर आली आणि म्हणाली…”

तिनं मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

“म्हणाली, ‘आई, माझे चमकत नाहीत.’”

…

आबांची बोटं पानावर थांबली.

“मी समजावलं, आबा. म्हटलं, गोष्टीतलं सगळं खरं थोडंच असतं? तर म्हणते, ‘मग त्यांनी तिला उगाच खांद्यावर घेतलं?’ त्या दिवसापासून पुस्तकाला हात लावत नाही. जगाला आवडलेलं पुस्तक छापायचं, आणि जिच्यासाठी केलं तिनं ते पलंगाखाली ढकललं होतं. सांगा ना, काय चुकलं माझं?”

“चमकली नसती तर?”

“म्हणजे?”

“ही बकुळा. चमकली नसती तर घेतलं असतं खांद्यावर?”

रेवती जरा घुश्शातच म्हणाली, “गोष्टीत काहीतरी घडावं तर लागतंच की, आबा.”

“व्हय. घडावं तर लागतंच.”

आबांनी वर्गाचं चित्र असलेलं पान काढलं आणि बाकावरच्या एका मुलावर बोट ठेवलं.

“ह्याचं नाव काय?”

“त्याचं? वर्गातला मुलगा आहे तो.”

“आणि ही?”

“तीही वर्गातलीच.”

“दोघांचं नाक एकच हाय.”

रेवतीला हसू आलं. म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत होती. “एकच चेहरा काढला आणि ट्रेसिंग पेपरनं बाकीचे उतरवून घेतले. कुणाला वेणी दिली, कुणाला टोपी. बकुळावर मात्र महिनाभर खपले, आबा. गर्दीकडं कोण एवढं बघतंय?”

“आणि रंग?”

“रंगाची तर मी बाटलीच करून ठेवली!” आता ती खुलली. हे तिचं स्वतःचं डोकं होतं. “अंगाचा रंग एकदाच कालवायचा आणि भरून ठेवायचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखा येतो. छपाईवाले पण खूश.”

आबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

खरं तर या घराचा दंडक वेगळा होता. कालवलेला रंग रात्रभर ठेवायचा नाही. चित्रात जितके चेहरे तितक्या वेळा ताटलीत नव्यानं रंग कालवायचा, आणि दिवेलागणीला ताटली स्वच्छ धुवायची. शिकणारी मुलं पाठीमागं हसायची, म्हातारा रंग नासतोय म्हणून. त्यांत सगळ्यांत मोठ्यानं रेवतीच हसायची.

“बाटली आणलीयस?”

आणली होती. ती तिच्या पिशवीत कायमच असायची. बाटलीवर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘अंगाचा रंग’.

आबांनी कुंचला बुडवला आणि आपल्या हाताच्या पाठीवर एक ठिपका दिला. काळ्या, सुरकुतलेल्या कातडीवर तो चुना सांडल्यासारखा दिसायला लागला.

“तुझा हात.”

रेवतीनं हात पुढं केला. तिच्या गव्हाळ हातावर तो ठिपका जखमेवर लावलेल्या चिकटपट्टीसारखा दिसत होता.

ती बघत राहिली. हा रंग तिनं शेकडो वेळा कागदावर लावला होता, हातावर कधी लावला नव्हता.

“हौसा!” आबांनी हाक मारली.

हौसाक्का म्हणजे आबांची बहीण. अंगणात बसून ती चिंचा फोडत होती आणि पालवी तिच्याजवळ चिंचोके वेगळे करत होती. दोघी आत आल्या. हौसाक्काच्या हातावर ठिपका पडला तशी ती किंचाळली.

“आगं बया! म्हातारपणी गोंदवून घेऊ व्हय मी?” मग तिनं हात डोळ्यांजवळ नेला. “ह्ये काय? पिठाचं बोट लागल्यागत दिसतंय. कसला रंग हाय ह्यो?”

पालवीनं बाटली उचलून वाचलं. “अंगाचा.”

“कुणाच्या?” हौसाक्कानं विचारलं.

…

रेवतीनं पालवीच्या हातातली बाटली काढून घेतली.

पालवीनं तिन्ही हात नीट पाहून घेतले. मग बाहीतून बाहेर आलेली बोटं तिनं हळूच पुढं केली. आबांनी तिच्या सावळ्या बोटावर ठिपका दिला. पोरीनं मान वाकडी करून बघितलं आणि निकाल दिला.

“नाही जुळत.”

“न्हाई,” आबा म्हणाले.

ती जरा थांबली. मनाशी काहीतरी ठरवत होती. मग तिनं बाहीचं बटण काढलं आणि बाही वर केली, पार कोपराच्या वर.

आपण बघतोय हे पोरीला कळू नये म्हणून रेवती घाईघाईनं बाटलीचं झाकण शोधायला लागली. झाकण तिच्या दुसऱ्या हातातच होतं.

“इथं लावा,” पालवी म्हणाली.

आबांनी कोपरावरच्या पांढऱ्या डागावर ठिपका दिला. ओला होता तोवर तो चकाकत होता. मग वाळला. पालवी कोपर घेऊन दाराच्या उजेडात गेली, इकडं वळवलं, तिकडं वळवलं.

“आई! अगं इथं दिसतच नाही!”

ती धावत आली. महिनाभर ज्याला हात लावला नव्हता ते पुस्तक तिनं आबांच्या मांडीवरून ओढलं, वर्गाचं पान काढलं आणि कोपर त्या मुलांच्या शेजारी टेकवलं. कपाळाला आठी घालून एकेका मुलावरून तिची नजर फिरली.

“आई, ही सगळीच्या सगळी माझ्या डागाच्या रंगाची आहेत. डोक्यापासून पायापर्यंत डागच!”

“हो गं…” रेवती म्हणाली.

“मग बकुळाला का चिडवतात?”

…

हौसाक्का आधी फिसकन हसली. मग पालवीला हसू फुटलं. पुस्तकाच्या बाहेर हा प्रश्न तिला कुणाला विचारायची सोय नव्हती. इथं तोच प्रश्न विचारून ती पोट धरून हसत होती.

रेवतीला हसावं की रडावं कळेना. पोरीला जवळ घ्यावं, कुशीत घेऊन सांगावं, अशी उबळ तिला आली. जे सांगायला तिनं अख्खं पुस्तक केलं होतं ते आता अगदी ओठांवर आलं.

“बघ बाळा, म्हणजे याचा अर्थ…”

आबांनी कुंचला उभा धरला.

रेवती गप्प झाली. पहिल्या वर्षी चित्र काढताना ती फार बोलायला लागली की ते असाच कुंचला उभा धरायचे.

त्यांनी स्वच्छ ताटली तिच्यापुढं सरकवली. तांबडा, पिवळा, निळा, पांढरा असे रंग तिच्या कडेला थोडे थोडे काढले. एक कोरा कागद अंथरला.

“हौसाचा हात काढ.”

“आणि माझ्या चिंचा?” हौसाक्का म्हणाली, पण हात कागदाशेजारी ठेवून बसली.

रेवतीनं रंग कालवला. कागदावर लावला. जुळेना. पालवी ताटलीवर ओणवी झाली.

“आई, तांबडा कमी आहे. हौसाआजीच्या हातात आत तांबडा आहे.”

“कुठं गं?”

“ही बघ, नखाच्या कडेला.”

होता. रेवतीला तो आजवर दिसला नव्हता. तिनं तांबडा घातला. जुळला.

मग आबांचा हात झाला. मग रेवतीनं डाव्या हाताचं बघून स्वतःचा काढला. कालवताना दर वेळी पालवी म्हणायची, थांब, अजून नाही झाला. रेवतीला आठवेना, शेवटचं एवढं निरखून आपण कुणाकडं बघितलं होतं.

“पण मला एक सांग,” हौसाक्का मध्येच म्हणाली. पुस्तकातली चित्रं तिनं बसल्या बसल्या उलटीकडून बघितली होती. “पोरं रानात न्यायची आन् मास्तरनं संगट बॅटरी घेतली न्हाई?”

“तेच ना!” पालवी म्हणाली. “आई, त्यांना बॅटरी दे. मग बकुळाला चमकायला नको.”

“मग ती काय करेल गं?” रेवतीनं विचारलं.

“चालेल की. सगळ्यांबरोबर.”

…

कागदावर तीन हात झाले होते. शेजारी जागा उरली होती. कुणी म्हटलं नव्हतं, पण पालवीनं आपला हात तिथं ठेवला, कोपर वर करून. बाही अजून दुमडलेलीच होती. ती विसरली होती की काय, कोण जाणे. रेवतीनं आठवण करून दिली नाही.

तिनं सावळा रंग कालवला आणि हात काढत कोपरापर्यंत आली. तिथं कुंचला थांबला. बाटली शेजारीच होती. बाटलीतला रंग तर तिथं जुळतच होता. तिचा हात सवयीनं बाटलीकडं गेला.

“तो नको,” पालवी म्हणाली. “आपण नवीन करू.”

“तो जुळला होता ना पण?”

“थोडासाच. माझ्यात गुलाबी आहे. तू नीट बघ.”

रेवतीनं नीट बघितलं. तिचे डोळे भरून आले, म्हणून तिला परत बघावं लागलं. गुलाबी होता. कडेला होता, आणि मधे एका जागी, जिथं मघाशी तिनं खाजवलं असावं.

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली आबांच्या पाटामागं सारली. मग शिवलेली प्रत उचलून शेवटचं पान काढलं, ती कोरी जागा असलेलं.

“छपाई थांबवते मी, आबा,” ती हळू आवाजात म्हणाली. “वर्ग सगळा नव्यानं काढते. एकेकाला नाव देते, नाक देते. पण इथं, शेवटी… इतके दिवस मी हेच शोधतेय. तुम्हीच सांगा. शेवटी तिला काय सांगू?”

…

आबा अंगणाकडं बघत होते. उन्हं उतरली होती. इकडं पालवी उघडं कोपर हवेत धरून ताटलीत पांढरा आणि तांबडा ढवळत होती, जीभ दातांत धरून, आणि कुंचल्याचं पाणी तिच्या झग्यावर ठिबकत होतं.

आबांनी पाण्याचं भांडं उचलून रेवतीच्या हातात दिलं.

“तिला विचार, पाणी किती घालू.”