तलवारीच्या धारेवरची गोगलगाय

एका राज्यात नजरेचा कायदा होता. लेकराचे दुधाचे दात पडले की त्यानं भरदरबारी उभं राहायचं, नगारे झडत असताना राजाच्या डोळ्यांत डोळे घालायचे आणि हसून मुजरा करायचा. जमलं तर ते शहाणं. नाही जमलं तर ते झपाटलेलं, आणि झपाटलेलं लेकरू मायाधर जादूगाराच्या हवाली.

राजा धैर्यकेतूच्या लेकीची, तरंगिणीची, पाळी आली. त्याच दिवशी राजाची धाकटी बहीण सौदामिनी सातासमुद्रांपलीकडून विद्या शिकून परतली. दारातूनच तिनं पाहिलं. नगारे झडले आणि पोरीनं दोन्ही कान गच्च दाबले. तिची नजर राजाच्या डोळ्यांवर नव्हती, त्याच्या तलवारीवर होती.

"आबासाहेब," तरंगिणी म्हणाली, "या धारेवरून गोगलगाय चालली तरी कापली जात नाही, कारण..."

दरबार खदखदून हसला. "राजकन्येला गोगलगायीनं धरलंय!" प्रधान ओरडला. वाक्य पुरं व्हायच्या आत मायाधरानं पोरीच्या तोंडावर मुखवटा चढवला.

मुखवटा सुरेख होता. तो समोर बघे, गोड हसे, काहीही विचारलं तरी म्हणे, "होय, आबासाहेब." राणीनं दृष्ट काढली. "कशी गुणाची झाली माझी बाय!" मुखवट्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत राही. दासी ते पुसत. पाणी येतं कुठून, हे कुणी विचारलं नाही.

सौदामिनीच्या अंगाची लाही लाही झाली. "दादामहाराज, आत पोर रडतेय!"

"मुखवटा तर हसतोय," राजा म्हणाला.

तिनं मुखवटा ओढला, तर त्याबरोबर कातडी सुटू लागली. मायाधर म्हणाला, "उगाच श्रम नकोत, बाईसाहेब. येत्या पौर्णिमेला तो कातडीच होईल."

सौदामिनी तडक रानात गेली. तिथे एक बोलका भारद्वाज पक्षी राहत असे. तो मान वळवून बसला होता. त्याचा एकच लाल डोळा तिच्याकडे होता.

"माझ्याकडे बघून बोल," ती म्हणाली.

"बघतोच आहे. आम्ही पक्षी कडेनंच बघतो. त्यासाठी आम्हाला अजून कुणी झपाटलेलं म्हटलेलं नाही."

सौदामिनीनं जीभ चावली. सातासमुद्रांपलीकडची विद्या, आणि तोंडून पहिलं वाक्य निघालं ते दरबाराचंच.

"मुखवटा उतरवायची कामं तीन आहेत," भारद्वाज म्हणाला. "ती तुझी नाहीत. पोरीची तर नाहीतच. मुखवटा ज्यांनी चढवला त्यांची आहेत. नगारे थांबावेत. दरबारानं सरळ बोलावं. आणि पोरीचं अर्धं राहिलेलं वाक्य राजानं पुरं होऊ द्यावं. ते तू त्याला सांगायचं नाहीस."

ती परतली. "नगारे थांबवा."

"नगारे आमच्या पणजोबांचे आहेत!"

"पणजोबा गेले. पोर जिवंत आहे, अजून तरी."

राजानं हात वर केला. नगारे थांबले, आणि मुखवट्याच्या कपाळाला बारीक तडा गेला. तो राजानं पाहिला. मग त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सौदामिनीच्या सांगण्यावरून हुकूम निघाला. मनात एक आणि ओठांवर दुसरं, असं कुणी बोलायचं नाही. रोजच्या रीतीत काही बदलणार असेल तर ते राजकन्येला आधी सांगायचं. दुपारपर्यंत दरबार मुका बसला. अखेर प्रधान म्हणाला, "महाराज, आपला फेटा वाकडा आहे. राज्याभिषेकापासून वाकडाच आहे." मुखवट्याला दुसरा तडा गेला.

पौर्णिमेची संध्याकाळ झाली. "ती काय म्हणाली होती?" राजानं विचारलं. कुणाला आठवेना.

"काहीतरी मुंगळ्यांचं..." सेनापती पुटपुटला.

"हसायला सगळे होतात!" सौदामिनी कडाडली. "ऐकायला एकही नव्हता?"

डोंगरामागून चंद्राची कड दिसू लागली. "बहिणी, तू ऐकलं आहेस. सांग."

"मला नका विचारू. जिचं वाक्य, तिला विचारा!"

राजा सिंहासनावरून उतरला आणि लेकीच्या शेजारी फरशीवर बसला. समोर नाही, शेजारी. तलवार त्यानं दोघांच्या पुढ्यात ठेवली.

"तरंगिणी, मी ऐकलं नव्हतं. पुन्हा सांगशील?"

"होय, आबासाहेब," मुखवटा म्हणाला.

झालं, असं समजून दरबारी उठले. राजा उठला नाही. तिच्याबरोबर तोही धारेकडे बघत राहिला. चंद्र अर्धा वर आला, तरी तो थांबला. मग खापर फुटावं तसा मुखवटा फुटला.

"...कारण ती आधी स्वतःचा रस्ता अंथरते," तरंगिणी म्हणाली. "ओला, चिकट. मग त्यावरून चालते. धार तिच्या अंगाला लागतच नाही."

त्या घटकेला राज्यातले सगळे मुखवटे गळाले. कातडी झालेलेसुद्धा. त्यांत एक प्रधानाचा होता. पिकल्या केसांचा तो माणूस दोन्ही कान दाबून खांबाआड बसला आणि लेकरासारखा रडला.

"वा!" राजा म्हणाला. "हिचं ज्ञान आपल्या सैन्याच्या कामी येईल!"

"कामी येवो न येवो!" सौदामिनी गरजली. "गोगलगायीतलं तिला काहीच कळत नसतं, तर मुखवटा ठेवला असता?"

राजानं कायद्याची पोथी मागवली. मग त्यानं स्वतःच्या हातानं नजरेचा कायदा जाळला.

नगाऱ्यांत आता माळ्यानं रोपं लावली आहेत आणि त्यांवर गोगलगायी चढतात. मायाधर मात्र निसटला. मुखवट्यांची पेटी घेऊन तो गावोगाव हिंडतो. तुमच्या दारी आला तर हाकलून द्या. आणि ही कहाणी लेकरांना सांगाल, तेव्हा हळू आवाजात सांगा.