कासवाची खात्री

फार जुन्या काळी, पशुपक्षी आपले तंटे आपसांतच मिटवत, तेव्हाची ही गोष्ट. टिटवीची अंडी नाहीशी झाली आणि आळ आला घोरपडीवर. गुन्हा शाबीत झाला तर तिला नदीकाठ सोडावा लागणार होता, आणि ऐन उन्हाळ्यात दुसरीकडे कुठेच पाणी नव्हते. "मी नाही हो खाल्ली," असे ती भेटेल त्याला सांगत होती.

गव्याने पाच पंच नेमले. निकाल एकमताने द्यायचा, असा नियम होता. मोर, हरीण, रानडुक्कर आणि माकड म्हणाले, "दोषी." कासव म्हणाले, "माझी खात्री पटत नाही."

"अरे, तिची ती सापासारखी दुभंगलेली जीभ तर बघ!" मोर म्हणाला.

कासवाने जीभ बघितली. तरी खात्री पटली नाही. ऊन चढले, डुकराला भूक लागली, माकड रागावून झाडावर जाऊन बसले. कासव जागचे हलले नाही.

शेवटी गव्याने पंच बरखास्त केले. "घोरपड दोषी नाही आणि निर्दोषही नाही. नवे पंच बसेपर्यंत तिने इथेच राहावे."

घोरपडीला रडू फुटले. ती कासवापाशी जाऊन म्हणाली, "दादा, तुमचा एकट्याचा माझ्यावर विश्वास!"

"छे! अंडी तूच खाल्ली असशील, असं मलाही वाटतं," कासव म्हणाले. "पण नुसतं वाटून काय होतं?"

हे घोरपडीच्या मनाला फार लागले. त्या दिवशी ती जेवली नाही. मग गव्याकडे जाऊन म्हणाली, "नव्या पंचांतही कासवदादांना घ्या."